स्प्रिंगला एकही बोल्ट नसतो: फोर-व्हील-ड्राइव्हच्या मागच्या स्प्रिंगा घरी बदलताना

मागच्या कॉइल स्प्रिंगा घरीच बदलायचं ठरलं तेव्हा आधी दुरुस्ती-पुस्तिकेतलं चित्र उघडून स्प्रिंगचे बोल्ट शोधले. एकही सापडला नाही. अखंड ॲक्सल (डावं-उजवं चाक जोडणारा एकच सलग दांडा) असलेल्या बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत मागची स्प्रिंग वरच्या आणि खालच्या बैठकीत नुसती बसलेली असते, आणि गाडीचं वजनच तिला जागेवर धरून ठेवतं. त्यामुळे स्प्रिंग सोडवणं हे खरं काम नाहीच. ॲक्सलला खाली जाण्यापासून जे जे अडवतं ते एकेक करून मोकळं करायचं, स्प्रिंग हातानं काढून घ्यायची, नवी ठेवायची आणि सोडलेलं सगळं योग्य उंचीवर परत आवळायचं. यातला 'योग्य उंचीवर' हा भाग बहुतेकांकडून सुटतो आणि त्याचा त्रास काही महिन्यांनी सुरू होतो, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

माझ्या गाडीची मागची रचना अशी: अखंड ॲक्सल, त्याला पुढेमागे धरणारे चार ट्रेलिंग आर्म, आडवा धरणारा एक पॅनहार्ड रॉड, दोन कॉइल स्प्रिंगा आणि स्प्रिंगांपासून वेगळे बसवलेले दोन शॉकॲब्सॉर्बर. मागे पाटे असलेल्या गाडीचं काम वेगळं असतं. शॉकवरच स्प्रिंग चढवलेली असेल तर तेही वेगळं, आणि जास्त धोक्याचं.

सुरुवात लक्षणांपासून झाली. गाडी रिकामी असतानाही मागून बसल्यासारखी दिसायची आणि गतिरोधकावर मागे 'धाड' असा आवाज यायचा. अशा वेळी पहिला संशय शॉकवर जातो. पण गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकचं काम हेलकावा जिरवण्याचं. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीन वेळा झुलत राहिली तर शॉककडे बघा, उभ्या गाडीची उंचीच घटली असेल तर स्प्रिंगांकडे. माझे शॉक कोरडे होते, तेलाचा मागमूस नव्हता. बंप स्टॉपच्या, म्हणजे ॲक्सल फार वर आला की त्याला अडवणाऱ्या ठोकळ्याच्या, रबराचं टोक मात्र आपटून आपटून चकचकीत झालं होतं.

बसलेली स्प्रिंग 'मऊ' झालेली नसते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यावरून खरेदीत चूक होते. स्प्रिंगचा ताठरपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. गंजून तार बारीक झाली नाही तर तो वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. कमी होते ती मोकळी लांबी. सततच्या ओझ्याखाली पोलाद थोडं थोडं कायमचं पिळलं जातं, गाडी खाली येते आणि बंप स्टॉपपर्यंतचं अंतर संपतं. वेढ्यांमध्ये रबराचे ठोकळे अडकवून उंची मिळवण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. त्यानं काही वेढे कामातून बाद होतात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. बसलेल्या स्प्रिंगवर हा उपाय मला अजिबात पटत नाही.

४ तारखेला, शनिवारी, मापं घेतली. गाडी सपाट जागेवर, नेहमीचं सामान आत, टायरमध्ये ठरलेली हवा. मोजायचं ते चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सरळ वर. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवेचा फरक मापात शिरतो. माप घेण्याआधी गाडी चार-पाच मीटर पुढेमागे चालवून घ्या, म्हणजे बुशमधला (सांध्यांतल्या रबरी नळ्यांमधला) पीळ निघून जातो. डावीकडे ४४८ मिमी आणि उजवीकडे ४३६ मिमी भरलं. उजवीकडे इंधनाची टाकी आहे, त्यामुळे ती बाजू जास्त बसणं समजण्यासारखं होतं. पुस्तिकेप्रमाणे दोन्हीकडे ४८०च्या आसपास हवं होतं. ही मापं कागदावर लिहून ठेवा. काम नीट झालं की नाही हे नंतर त्यांच्यावरूनच कळतं.

त्याच दिवशी गाडी वजनकाट्यावर नेली आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेतली: १,२४० किलो. त्यातून ॲक्सल, ब्रेक आणि चाकं यांचं, म्हणजे स्प्रिंगच्या खालचं, वजन वजा करायचं. ते मी अंदाजे २२० किलो धरलं. राहिले १,०२० किलो, दर स्प्रिंगवर साधारण ५०० किलो. हा आकडा हातात नसताना स्प्रिंग निवडणं म्हणजे अंधारात चाचपडणं. विक्रेते स्प्रिंगा 'रिकामी गाडी', 'कायमचं मध्यम ओझं', 'कायमचं जड ओझं' अशा गटांत देतात. यात 'कायमचं' हा शब्द फार महत्त्वाचा. वर्षातून दोनदा भरपूर सामान नेता म्हणून जड गटातली स्प्रिंग घेतली, तर उरलेलं वर्षभर रिकामी गाडी प्रत्येक खडीवर उडते आणि मागची चाकं पकड सोडतात. माझ्या गाडीत मागे कप्पे, दुसरी बॅटरी आणि पाण्याची टाकी कायम असते, म्हणून मध्यम गट, मूळ उंचीचा.

निवडताना आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा लांब असेलच असं नाही. समजा मूळ स्प्रिंग दर मिलिमीटरला ४० न्यूटनची आहे आणि तिच्यावर ५०० किलो, म्हणजे ४,९०० न्यूटन आहेत. ती सुमारे १२३ मिमी दाबली जाईल. ५० न्यूटनची स्प्रिंग त्याच ओझ्याखाली ९८ मिमीच दाबली जाईल. म्हणजे ती २५ मिमी आखूड असली तरी गाडी त्याच उंचीवर उभी राहील. तारेची जाडी मात्र जपून बघा, कारण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. वेढे तेवढेच ठेवून १३ मिमीची तार १४ मिमीची केली, की ताठरपणा जवळजवळ ३४ टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरचा हा फरक गाडीत बसल्याबरोबर जाणवतो.

६ तारखेला मागणी नोंदवली. स्प्रिंगांबरोबर वरखालची चार रबरी बैठकी-पॅडं, शॉकच्या खालच्या टोकाचे दोन बोल्ट आणि नट, त्याच टोकाचे दोन बुश आणि पॅनहार्ड रॉडचा एक बोल्ट मागवला. एकूण खर्चात या किरकोळ वस्तूंचा वाटा अगदी लहान आहे. त्या मागवल्या नसत्या तर गाडी आठवडाभर घोड्यांवरच (उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवरच) राहिली असती, ते का ते पुढे येतंच. विमा कंपनीलाही लेखी कळवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: उंची मूळ मर्यादेत राहत असेल तर हरकत नाही, बिल आणि पार्ट नंबर पाठवा. गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलायची असेल तर अनेक ठिकाणी नोंदणी आणि तपासणीचे नियम आड येतात, आणि ते मागणी देण्याआधी बघायचे असतात. पाठवलेलं पत्र, आलेलं उत्तर आणि बिल गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलं.

११ दिवस वाट बघितल्यावर १७ तारखेला, शुक्रवारी, पेटी आली. दोन्ही स्प्रिंगा दिसायला सारख्या, पण नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं. टाकीच्या बाजूची स्प्रिंग काही मिलिमीटर लांब होती. काही गाड्यांत असा डावा-उजवा फरक असतो, म्हणून पेटी उघडल्याबरोबर नंबर जुळवा आणि रंगीत चिकटपट्टीवर 'डावी', 'उजवी', 'वर' असं लिहून ठेवा. वरचं-खालचं टोक ओळखायला तारेचा शेवट बघावा. माझ्या स्प्रिंगांचं वरचं टोक सपाट होतं आणि खालचं तिरकं संपत होतं. छापील अक्षरं सुलट वाचता आली की स्प्रिंग सुलट, हाही बहुतेक वेळा उपयोगी पडणारा ठोकताळा आहे.

त्याच संध्याकाळी, आणि रात्री पुन्हा एकदा, सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारलं. त्याआधी आट्यांवरची माती तारेच्या ब्रशनं काढली. मातीवर मारलेलं तेल मातीतच मुरतं, आट्यांपर्यंत पोचत नाही.

१८ तारखेला सकाळी काम सुरू केलं. जागा पक्क्या काँक्रीटची होती. डांबर उन्हात मऊ होतं आणि घोडीचे पाय त्यात रुततात. दुसरी जागा नसेल तर घोड्यांखाली जाड प्लायवुडचे तुकडे ठेवा. खडीवर हे काम करूच नका, कारण गाडी उचलताना ट्रॉली जॅकला स्वतः थोडं सरकावं लागतं. तो सरकू शकला नाही तर गाडीला ओढतो.

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावले. मागची चाकं हवेत जाणार असल्यामुळे गाडी धरून ठेवायला हँडब्रेकचा काही उपयोग नाही. उलट त्याच्या केबल ताणलेल्या राहिल्या तर ॲक्सल पूर्ण खाली जात नाही. म्हणून हँडब्रेक सोडला. ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला शक्ती वाटून देणारी पेटी) लो रेंजमध्ये, सेंटर डिफरन्शिअल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) लॉक आणि गिअर पार्किंगमध्ये. कायम फोर-व्हील असलेल्या गाडीत सेंटर डिफरन्शिअल लॉक नसेल, तर मागची चाकं हवेत फिरतात आणि पुढची चाकं गडगडू शकतात. पुढच्या चाकांना हातानं लॉक करायचे हब असतील तर तेही लॉक करा. एवढं सगळं केलं तरी ठोकळे हवेतच.

चाकांचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल केले. मग ३ टनी जॅक डिफरन्शिअलच्या फुगीर भागाखाली लाकडी ठोकळ्यासह लावला, गाडी उचलली आणि घोड्या चेसिसच्या दांड्यांखाली, ट्रेलिंग आर्मच्या ब्रॅकेटच्या पुढे ठेवल्या. टायर बदलताना घोडी ॲक्सलखाली ठेवण्याची सवय असते. इथे ती कामाची नाही, कारण ॲक्सलच खाली सोडायचा आहे. चेसिस बरीच वर धरावी लागते, तेव्हा घोडीची सर्वांत वरची खाच किती उंचीवर येते हे आधीच बघून घ्या. दोन्ही घोड्या एकाच खाचेत, खीळ पूर्ण आत. गाडी घोड्यांवर टेकवून दोन्ही बाजूंनी जोर लावून हलवून बघितली आणि मगच चाकं काढली. काढलेली चाकं चेसिसखाली आडवी सरकवून ठेवली. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर थांबेल, माणसावर येणार नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

जॅक ॲक्सलखालीच ठेवला, स्प्रिंग अर्धवट दाबलेल्या अवस्थेत. आता सोडण्याचं काम. आधी ज्या गोष्टी ताणल्या तर तुटतील त्या: ब्रेक होजचं ब्रॅकेट, एबीएसच्या तारांच्या क्लिपा, हँडब्रेक केबलची पकड आणि डिफरन्शिअलच्या ब्रीदरची, म्हणजे आतली हवा ये-जा करू देणारी, रबरी नळी. ही नळी ओढली जाऊन निसटली तर लगेच काही कळत नाही. पुढच्या वेळी गाडी पाण्यातून नेली की डिफरन्शिअलमध्ये पाणी शिरतं आणि तेल दुधाळ होतं. मग लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी. मागे किती ओझं आहे हे ती ॲक्सलच्या उंचीवरून ओळखते आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. सोडण्याआधी तिच्या नटाच्या दोन्ही बाजूंना रंगाची खूण केली आणि उघडे आटे मोजले. काही गाड्यांत हेडलाइटची उंची जुळवणाऱ्या सेन्सरची दांडीही मागच्या ॲक्सलवर असते, तीही सोडावी लागते. त्यानंतर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) दोन्ही लिंक.

शॉक शेवटी. ॲक्सलनं खाली किती जायचं याची मर्यादा शॉकच ठरवतो, म्हणून ॲक्सल जॅकवर नीट टेकलेला असल्याशिवाय शॉकचा बोल्ट काढू नका. शॉकवर ताण नसेल अशा उंचीवर जॅक आणला की बोल्ट हातानं सरकायला हवा. डावीकडचा सरकला. उजवीकडचा नट निघाला, पण बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झाला होता. पाना लावला की बोल्ट आणि नळी दोन्ही मिळून रबरात फिरायचे. तेल, पुढेमागे हिसके, नट टोकावर फिरवून त्यावर हातोडा, असं तासभर चाललं. तापवण्याचा मोह अशा वेळी होतोच, पण तिथून टाकी आणि ब्रेक होज हातभर अंतरावर आहेत. ज्योत नाही आणि ठिणग्या उडवणारा ग्राइंडरही नाही. शेवटी ब्रॅकेट आणि बुश यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. दर कापाला ४० मिनिटं लागली. पातं थोडं वाकवून हातात धरावं लागतं, म्हणून जाड मोजे हवेत. सुटा शॉक व्हाइसमध्ये धरून बुश तुकड्यासह दाबून काढला आणि नवा बसवला. नवा बोल्ट आणि बुश आधीच मागवला होता तो यासाठी.

पॅनहार्ड रॉडचं चेसिसकडचं टोक सोडलं, आणि ट्रेलिंग आर्मचे आठही बोल्ट काढले नाहीत, फक्त सैल केले. ही पायरी बरेच जण गाळतात. बुशमध्ये आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्हींना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडते आणि आर्म वरखाली होताना रबर पिळतं. बोल्ट घट्ट ठेवून ॲक्सल खाली ओढला, तर आपण त्या आठ रबरांविरुद्ध झटत असतो. सैल केल्यावर ॲक्सल किती सहज खाली गेला ते बघून, हे आधी केलं असतं तर किती कष्ट वाचले असते हे कळलं.

आता जॅक हळूहळू खाली. मी जॅकवर आणि मदतनीस ब्रेक होजवर डोळा ठेवून. दोन-तीन बोटं खाली आलं की थांबायचं, होज, तारा, ब्रीदर, केबल बघायच्या आणि मग पुढे. एवढी काळजी घेऊनही उजवीकडे एबीएसच्या तारेची एक क्लिप राहून गेली होती. तार ताठ होताना दिसली म्हणून थांबता आलं. ॲक्सलचं वजन होजवर किंवा तारेवर एक क्षणही यायला नको. ॲक्सलला शक्ती पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडेही लक्ष ठेवा. ॲक्सल फार खाली गेला तर शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, युनिव्हर्सल जॉइंट, त्याच्या कोनाच्या टोकाला जाऊन अडतो.

स्प्रिंगवरचं ओझं पूर्ण गेलं की ती हातानं हलते. ती हलत नसेल तर अजून दाबलेली आहे आणि तिला पहारीनं उचकटायचं नाही. वरच्या उदाहरणातली स्प्रिंग १२३ मिमी दाबलेली असताना तिच्यात सुमारे ३०० ज्यूल ऊर्जा असते. ३० किलोचा दगड एक मीटरवरून पडावा तेवढी. माझ्या दोन्ही स्प्रिंगा ढिल्या झाल्या, पण वरच्या बैठकीतून बाहेर यायला चार बोटं कमी पडत होती. इथे दुसरा जॅक कामाला येतो. डावी स्प्रिंग काढायची असेल तर ॲक्सलचं उजवं टोक थोडं उचला. ॲक्सल तिरका होतो आणि डावं टोक आणखी खाली जातं. जुनी डावी स्प्रिंग अशी विनासायास निघाली. स्प्रिंग कॉम्प्रेसर लागला नाही. मोकळा केलेला अखंड ॲक्सल एवढा खाली जातो की बहुधा लागतच नाही. लागलाच तर समोरासमोर दोन लावा, दोन्ही सारखे थोडे थोडे फिरवा आणि त्यावर इम्पॅक्ट गन कधीही चालवू नका.

बैठकी ब्रशनं घासून साफ केल्या. खालच्या बैठकीत चिखल साचून गंज धरतो, म्हणून पाणी निघायचं भोक मोकळं केलं, तडे आहेत का बघितलं आणि गंजरोधक रंग लावला. तो वाळायला दोन तास. तेवढ्यात जुन्या स्प्रिंगा तपासल्या. उजवीच्या शेवटच्या वेढ्यावरचा रंग उडून तिथे खोल गंज होता. स्प्रिंग तुटते ती बहुतेक वेळा अशाच जागी, कारण गंजाचा खड्डा भेगेची सुरुवात करून देतो. म्हणून नव्या स्प्रिंगच्या रंगाला पहार किंवा पाना लागून ओरखडा आला असेल तर बसवण्याआधी त्यावर रंग लावा.

नवी बसवताना वरचं रबरी पॅड स्प्रिंगवर चिकटपट्टीनं दोन ठिकाणी बांधून घेतलं, नाहीतर ते आयत्या वेळी घसरतं. तारेचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकेपर्यंत स्प्रिंग फिरवायची. जॅक वर घेताना बोटं वेढ्यांच्या आणि बैठकीच्या मधे नकोत. स्प्रिंग वळवायचीच असेल तर वेढ्याच्या बाहेरून तळहातानं. डावीकडे जॅक वर घेताना स्प्रिंग स्वतःच थोडी फिरली आणि टोक पायरीपासून दोन बोटं दूर गेलं. तसंच सोडलं असतं तर ती एका बाजूला कलून बसली असती. जॅक परत खाली, स्प्रिंग जागेवर, पुन्हा वर. पहिल्या बाजूला हे सगळं बोल्टच्या वेळासकट साडेतीन तासांचं झालं, दुसरीला ४० मिनिटं पुरली.

शॉकचे खालचे बोल्ट घालताना कॉपर ग्रीसचा पातळ हात बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागावर, म्हणजे बुशच्या नळीत जाणाऱ्या भागावर दिला. आट्यांवर नाही. पुस्तिकेतला टॉर्क (बोल्ट आवळण्याचा ठरलेला जोर) कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल आणि आटे वंगण लावलेले असतील, तर त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. या टप्प्यावर सगळे बोल्ट फक्त हातानं आणि नट टेकेपर्यंत.

पॅनहार्ड रॉडचं भोक चुकलं, जवळजवळ ८ मिमीनं. हे अपेक्षित असतं, कारण रॉड कमानीत फिरतो आणि उंची बदलली की ॲक्सल आडवा सरकतो. उदाहरणार्थ ९०० मिमीच्या रॉडच्या दोन टोकांत आधी ६० मिमी उंचीचा फरक होता आणि तो १०० मिमी झाला, तर ॲक्सल साडेतीन मिमीपेक्षा थोडा जास्त बाजूला जातो. घोड्यांवर लटकलेल्या ॲक्सलला हा फरक आणखी मोठा दिसतो. तिथेच भोक जुळवायला पहारीनं झटू नका. चाकं चढवली, गाडी जमिनीवर घेतली, मदतनिसानं बाजूनं शरीराचा जोर देऊन गाडी झुलवली आणि बोल्ट आत गेला. गाडी जड असेल तर चेसिस आणि ॲक्सल यांच्यामध्ये रॅचेटचा पट्टा लावून खेचता येतं.

आता योग्य उंचीचं. गाडी चाकांवर उभी, नेहमीचं सामान आत, चार-पाच मीटर पुढेमागे चालवलेली, आणि तेव्हाच ट्रेलिंग आर्म, पॅनहार्ड रॉड आणि शॉकचे बुश असलेले सगळे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कला. ५०० मिमी लांबीच्या आर्मचं ॲक्सलकडचं टोक हवेत २०० मिमी खाली लटकलं असेल, तर आर्मचा कोन २३ अंशांहून जास्त बदलतो. हवेतच आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यापासून प्रत्येक बुश कायम २३ अंश पिळलेला राहतो. गाडी चुकीच्या उंचीवर उभी राहते, धक्के जास्त बसतात आणि काही महिन्यांत रबर फाटून खडखड सुरू होते. मग दोष नव्या स्प्रिंगांना दिला जातो. खाली घुसून टॉर्क पाना फिरवायला जागा कमी पडते, म्हणून मी मागची चाकं भक्कम रॅम्पवर चढवून हे केलं. दोन्ही चाकं सारखी वर असली की वजन ॲक्सलवरच राहतं आणि उंची बदलत नाही.

व्हॉल्व्हची दांडी खुणेवर परत बसवली, पण गाडी वर आल्यामुळे खूण आता पुरेशी नाही. मागचा भाग उंच झाला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. बसलेल्या स्प्रिंगांवर कोणी दांडी जुळवून ठेवली असेल तर आता ती चुकीची आहे. पुस्तिकेत दिलेल्या लांबीला ती पुन्हा जुळवली आणि रिकाम्या सरळ रस्त्यावर कमी वेगात ब्रेक तपासले. तुमची गाडी मूळ उंचीच्या वर गेली असेल तर हे काम अंदाजानं करू नका, ब्रेकचा दाब मोजू शकणाऱ्या कार्यशाळेत करा.

रविवारी, १९ तारखेला, मापं घेतली: डावीकडे ४८५, उजवीकडे ४८१. मागचा भाग वर आल्यामुळे हेडलाइटचा झोत खाली आला होता, तो भिंतीसमोर गाडी उभी करून जुळवला. मागची उंची ४० मिमीच्या आसपास वाढली आणि दोन ॲक्सलमधलं अंतर २,८०० मिमी असलं, तर गाडीचा कल जेमतेम ०.८ अंशानं बदलतो आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) तेवढाच कमी होतो. म्हणून स्टिअरिंग किंचित हलकं लागतं. अखंड मागच्या ॲक्सलला अलाइनमेंटमध्ये जुळवण्यासारखं काही नसतं, पुढची मात्र तपासून घेतली.

चाकांचे नट ८० किमीनंतर पुन्हा टॉर्कला तपासले, एक थोडा फिरला. ५०० किमीनंतर खालचे सगळे बोल्ट तपासले. पॅनहार्ड रॉडचा बोल्ट अष्टमांश फेरा आवळला गेला, बाकीचे जागचे हलले नाहीत. उजवीकडे वळताना एक बारीक कुरकुर येत होती. अँटी-रोल बारच्या लिंकचा रबरी वायसर उलटा बसला होता, सुलटा केल्यावर ती गेली. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला काही मिलिमीटर बसतात, म्हणून उंचीचं शेवटचं माप ८०० किमीनंतर घेतलं: डावीकडे ४७९, उजवीकडे ४७६. गतिरोधकावरचा आवाज बंद आहे.